दोन लेख आणि दोन शब्द : सुरक्षाविषयक नियतकालिकांच्या इतिहासातील एक प्रकरण

विद्यापीठातील अभ्यासक आपला लेख एखाद्या नियतकालिकाकडे पाठवितो तेव्हा त्याची गाठ संपादकाशी, आणि फार तर एखाद्या परीक्षकाशी पडते. लेख परत आला तर मनाला लागते; परंतु त्यापायी कोणी नोकरीस मुकत नाही. राष्ट्राच्या संरक्षणाशी संबंधित असलेल्या अधिकाऱ्याने लेख लिहिला, तर मात्र त्याला तो दोनदा सादर करावा लागतो : एकदा संपादकाकडे आणि एकदा, बहुधा त्याआधीच, आपल्या वरिष्ठांकडे. इंग्रजीत या दोन्ही क्रियांना 'सबमिट' हे एकच क्रियापद चालते आणि त्याच क्रियापदाचा 'शरण जाणे' असाही अर्थ होतो. मराठीला येथे 'सादर करणे' आणि 'स्वाधीन होणे' अशी दोन निराळी क्रियापदे योजावी लागतात. प्रस्तुत विषयापुरती तरी ही मराठीची सोय आहे असे म्हणावयास हरकत नाही. कारण या दोन क्रियांमधील अंतर हाच या विषयाचा गाभा होय.

सैनिकी नियतकालिकांची परंपरा तशी जुनी आहे. आपल्याकडे १८७० साली सिमला येथे मॅग्रेगर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनचे नियतकालिक आजही चालू आहे. परंतु शस्त्रे, मोहिमा आणि कवायत यांच्या पलीकडे जाऊन संपूर्ण राष्ट्राच्या सुरक्षिततेचा विचार करणारे लेखन ही मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरची निपज आहे, आणि तिचे माहेर अमेरिका. त्या लेखनाच्या आरंभकाळातील दोन लेख येथे विचारासाठी घेतले आहेत. दोन्ही लेखांचे कर्ते सरकारी सेवेत होते. एक लेख उघड नियतकालिकात, पण नाव लपवून प्रसिद्ध झाला. दुसरा नावानिशी, पण लपवून ठेवलेल्या नियतकालिकात. आणि दोहोंचे भवितव्य शेवटी एकेका शब्दाच्या अर्थाशी निगडित होते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने इतिहासाच्या प्रांतात पाऊल टाकण्याचे धाडस करावे, याला एवढेच निमित्त.

पहिला लेख जॉर्ज केनन यांचा. केनन हे परराष्ट्र खात्यातील रशियाविषयक तज्ज्ञ. २२ फेब्रुवारी १९४६ रोजी मॉस्कोहून त्यांनी वॉशिंग्टनला धाडलेली प्रदीर्घ तार प्रसिद्धच आहे. त्याच वर्षी ते वॉशिंग्टन येथील नॅशनल वॉर कॉलेजात अध्यापनासाठी आले. त्या वेळचे नौदलमंत्री जेम्स फॉरेस्टल यांना सोव्हिएट राजवटीच्या मनोभूमिकेचे विश्लेषण हवे होते; त्यांच्याकरिता केनन यांनी एक टिपण तयार केले आणि ते १९४७ च्या जानेवारीअखेर त्यांच्या हाती पडले. याच महिन्यात, ७ जानेवारीस, न्यूयॉर्कच्या कौन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्स या संस्थेत केनन यांचे याच विषयावर भाषण झाले होते. १९२२ पासून ही संस्था 'फॉरिन अफेअर्स' हे नियतकालिक प्रसिद्ध करीत आली आहे. त्याचे संपादक हॅमिल्टन फिश आर्मस्ट्राँग यांनी भाषणाच्या आधारे लेख मागितला. आपल्या नावाने काही मोलाचे लिहिणे शक्य नाही, असे केनन यांनी कळविले. तेव्हा निनावी लेखही चालेल, असे आर्मस्ट्राँग यांनी उत्तर दिले.

केनन यांनी नवा लेख लिहिलाच नाही. फॉरेस्टल यांच्यासाठी केलेले टिपणच द्यावे असे त्यांनी ठरविले. आधी फॉरेस्टल यांची हरकत नसल्याची खात्री करून घेतली, मग अधिकाऱ्यांच्या खाजगी लेखनाची छाननी करणाऱ्या परराष्ट्र खात्यातील समितीकडे ते पाठविले. समितीची संमती एप्रिलमध्ये मिळाली. तेव्हा केनन यांनी हस्तलिखितावरील आपले नाव खोडले, त्या जागी 'एक्स' हे अक्षर घातले आणि लेख संपादकाकडे रवाना केला. नियमाच्या दृष्टीने पाहिले तर यात कोठेही चूक नाही. चूक झाली ती कालगणनेची. लेखाला संमती मिळाली तेव्हा केनन एक अध्यापक होते. जुलै १९४७ च्या अंकात लेख छापून आला तोवर ते परराष्ट्र खात्याच्या नव्या धोरण-नियोजन मंडळाचे प्रमुख झालेले होते. ८ जुलै रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'चे आर्थर क्रॉक यांनी लेखाचा कर्ता कोण हे सूचित केले आणि अध्यापकाचे चिंतन एका दिवसात सरकारचे धोरण ठरले. टोपणनावामुळे लेखाचे वजन कमी न होता उलट वाढले. लेख नावानिशी आला असता तर तो एका अधिकाऱ्याचे मत म्हणून वाचला गेला असता. पडद्याआडून आल्यामुळे तो राज्याचा आवाज वाटला.

या लेखात एक शब्द होता : 'कंटेन्मेंट'. सोव्हिएट विस्ताराला दीर्घकाळ, चिकाटीने आणि सावधपणे आवरून धरावे, असा त्याचा लेखातील आशय. 'कंटेन' हे क्रियापद लॅटिनमधून आलेले. एकत्र धरून ठेवणे, आत सामावून घेणे हा त्याचा मूळ अर्थ. परंतु सैनिकी इंग्रजीत त्याला एक ठरीव पारिभाषिक अर्थ आहे : शत्रूच्या फौजेला आहे त्या जागी खिळवून ठेवणे. लेख ज्यांच्या हाती पडला त्यांतील अनेकांची महायुद्धातील वर्दी नुकतीच उतरली होती; त्यांच्या कानी दुसराच अर्थ प्रथम पडला असेल तर नवल नाही. वॉल्टर लिपमन यांनी तर लेखमाला लिहून या धोरणावर कठोर टीका केली. जगाच्या पाठीवर वाटेल तेथे रशियाला अडविण्याचा हा संकल्प अमेरिकेला पेलणारा नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्या लेखमालेचे पुढे 'द कोल्ड वॉर' या नावाने पुस्तक झाले आणि 'शीतयुद्ध' हा शब्द रूढ होण्यास त्याने हातभार लावला. म्हणजे एका अर्थाने त्या उन्हाळ्यातील एका शब्दाच्या भांडणातून दुसरा शब्द बळावला.

वीस वर्षांनी, १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत केनन यांनी या लेखाचे तीन दोष स्वतःच दाखविले. पूर्व युरोपातील अंकित राष्ट्रांचा त्यात विचार नव्हता; आपल्याला अभिप्रेत असलेला प्रतिकार राजकीय होता, लष्करी नव्हे, हे त्यात स्पष्ट केलेले नव्हते; आणि कोणते प्रदेश महत्त्वाचे व कोणते नव्हेत हा भेद त्यात केलेला नव्हता. येथे प्रस्तुत लेखकाला केनन यांच्याविषयी सहानुभूती वाटते, पण पुरती नाही. मंत्र्यासाठी केलेले टिपण संदिग्ध असले तरी चालते, कारण मंत्री दूरध्वनी उचलून 'आपल्याला नेमके काय म्हणावयाचे आहे?' असे विचारू शकतो. तेच टिपण नियतकालिकात गेले की ती सोय संपते. वाचक बदलला तरी मजकूर तोच ठेवला, ही खरी चूक; आणि ती खात्यातील कोणत्याही छाननी-समितीला दिसणारी नव्हती. समिती गुपित फुटते की नाही एवढेच पाहत होती. अर्थ फुटतो की नाही हे पाहणे तिच्या कामात बसत नव्हते.

दुसऱ्या लेखाचे कर्ते शेर्मन केंट. हे मूळचे इतिहासाचे प्राध्यापक. येल विद्यापीठात ते फ्रान्सचा इतिहास शिकवीत. लुई फिलिप याच्या कारकीर्दीतील निवडणूक-पद्धतीवरील त्यांचा ग्रंथ १९३७ साली निघाला, आणि इतिहासलेखन कसे करावे हे विद्यार्थ्यांना समजावून देणारे एक छोटे पुस्तक १९४१ साली. युद्धकाळात ते ओ. एस. एस. या गुप्तवार्ता-संघटनेच्या संशोधन विभागात गेले. युद्धानंतर १९४९ साली त्यांनी गुप्तवार्तेच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला, आणि १९५० मध्ये हार्वर्डचे इतिहासकार विल्यम लँगर यांच्या अध्यक्षतेखाली सी. आय. ए. मध्ये राष्ट्रीय अंदाज मंडळ स्थापन झाले तेव्हा त्यांना पुन्हा पाचारण करण्यात आले. १९५२ पासून १९६७ पर्यंत ते या मंडळाचे प्रमुख होते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, त्या काळी अमेरिकेचे भविष्यविषयक अंदाज जेथे तयार होत, त्या खोलीचे पहिले दोन्ही प्रमुख भूतकाळाचे अभ्यासक होते.

सप्टेंबर १९५५ मध्ये 'स्टडीज इन इंटेलिजन्स' या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. त्यातील आरंभीच्या लेखात केंट यांनी असे प्रतिपादिले की, गुप्तवार्ता हा आता एक व्यवसाय झाला आहे. त्याची पद्धती आहे, परिभाषा आहे. परंतु त्याला वाङ्मय नाही. वाङ्मय नसल्यामुळे अनुभवाचा संचय होत नाही आणि प्रत्येक पिढी पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात करते. विद्यापीठातील माणसाचेच हे दुखणे. पण यातील विरोधाभास उघड आहे. ज्ञान वाढते ते उघड वादाने, आणि हे नियतकालिक तर गोपनीय! त्याचा वाचक तेथलाच, लेखक तेथलाच, टीकाकारही तेथलाच. लेखातील मते लेखकाची आहेत, संस्थेची नव्हेत, असे त्यात छापलेले असे. मात्र तो खुलासा वाचण्याचाही अधिकार मोजक्यांनाच होता. तरीही या बंद दालनात, उघड नियतकालिकाला हेवा वाटावा अशी एक गोष्ट घडली. माणसे आपल्या चुकांवर लिहू लागली.

त्यातील सर्वांत महत्त्वाचा लेख १९६४ च्या शरद ऋतूतील अंकात आला. अंदाज व्यक्त करणारे शब्द, हा त्याचा विषय. त्याची हकीकत अशी. २० मार्च १९५१ रोजी राष्ट्रीय अंदाज क्रमांक २९-५१ प्रसृत झाला. टिटोच्या युगोस्लाव्हियाने १९४८ साली स्टालिनशी फारकत घेतली होती; शेजारच्या अंकित राष्ट्रांची लष्करी सिद्धता वाढत होती; तेव्हा १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर आक्रमण होईल काय, हा प्रश्न होता. आक्रमणाची 'सीरियस पॉसिबिलिटी' मानली पाहिजे, असे उत्तर मंडळाने दिले. काही दिवसांनी धोरण-नियोजन मंडळाच्या प्रमुखाने — केनन ज्या पदावर होते त्याच पदावरील, पण त्यांच्या नंतरच्या अधिकाऱ्याने — सहज बोलण्याच्या ओघात केंट यांना विचारले की, या शब्दांनी तुम्हाला किती प्रमाण अभिप्रेत होते? आक्रमण होण्याच्या बाजूने पासष्ट आणि विरुद्ध पस्तीस, असे केंट यांनी सांगितले. ते ऐकून विचारणारा दचकला. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच शब्दांचा अर्थ पुष्कळच कमी लावला होता.

केंट यांनी परत येऊन मंडळाच्या एकेका सदस्याला तोच प्रश्न केला. हीच ती माणसे, ज्यांनी दिवसचे दिवस वाद घालून हा शब्दप्रयोग एकमताने मान्य केला होता. एकाच्या मनात वीसास ऐंशी असे प्रमाण होते, दुसऱ्याच्या मनात ऐंशीस वीस. बाकीचे मध्ये कोठेतरी विखुरलेले. एकमत झाले होते ते शब्दावर, अर्थावर नव्हे. आक्रमण १९५१ साली झाले नाही, पण त्यामुळे कोणाचा अर्थ बरोबर होता हे ठरत नाही. पस्तीस टक्क्यांची गोष्टही घडतच असते.

येथे थोडे विषयांतर करतो. 'सीरियस पॉसिबिलिटी' या शब्दप्रयोगाचे मराठी काय करावे? 'गंभीर शक्यता' म्हटले की दोष उघडा पडतो. गंभीरपणा हा घटनेचा गुण आहे की घटना घडण्याच्या प्रमाणाचा? आक्रमण झाल्यास परिणाम भयंकर होतील, हा एक अर्थ. आक्रमणाचा संभव दुर्लक्षिण्याजोगा नाही, हा दुसरा. विशेषण लागते एका नामाला आणि त्याचा अर्थ झिरपतो दुसऱ्याच गोष्टीत. आपली भाषाही या बाबतीत निर्दोष नाही. संस्कृतात 'बहुधा' म्हणजे अनेक प्रकारांनी. मराठीत तोच शब्द 'पुष्कळ करून' या अर्थाने स्थिरावला, पण पुष्कळ म्हणजे किती हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी ठरवावयाचे. हिंदीतील 'संभावना' ही शक्यता, तर मराठीत एखाद्याची 'संभावना' करणे म्हणजे त्याचा आदर करणे किंवा उपरोधाने नेमके उलट. 'तो घरी पोहोचला असेल' या वाक्यातील 'असेल' तर्काचा आहे हे खरे. तो तर्क साठ टक्क्यांचा की नव्वद टक्क्यांचा, हे व्याकरण सांगत नाही. वाचकांनी आपल्या वर्गात 'बहुधा', 'कदाचित', 'संभव आहे' आणि 'होईलसे दिसते' या चार शब्दप्रयोगांपुढे टक्केवारी मांडावयास सांगावे आणि उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या.

केंट यांनी आपले सहकारी मॅक्स फॉस्टर यांच्या साहाय्याने एक तक्ता केला. पूर्ण निश्चिती आणि पूर्ण अशक्यता ही दोन टोके सोडून मधल्या प्रदेशाचे पाच भाग पाडले : 'जवळजवळ निश्चित' म्हणजे त्र्याण्णव टक्के, सहा इकडे तिकडे, 'संभाव्य' म्हणजे पंचाहत्तर, बारा इकडे तिकडे, 'समसमान' म्हणजे पन्नास, दहा इकडे तिकडे, 'बहुधा नाही' म्हणजे तीस, दहा इकडे तिकडे, आणि 'जवळजवळ निश्चित नाही' म्हणजे सात, पाच इकडे तिकडे. 'शक्य' या शब्दाला मात्र त्यांनी तक्त्यात जागा दिली नाही. जी गोष्ट महत्त्वाची आहे, पण जिचे प्रमाण सांगता येत नाही, तिच्यासाठीच तो राखून ठेवावा आणि त्याला 'गंभीर', 'चांगली', 'ठळक' असली विशेषणे लावू नयेत, असा त्यांचा आग्रह होता.

या तक्त्याला विरोध करणाऱ्यांना केंट 'कवी' म्हणत आणि आपल्या पक्षाला 'गणिती'. कवींचे म्हणणे असे की, अनिश्चित गोष्टीवर आकडा चिकटविणे म्हणजे नसलेल्या अचूकपणाचा आव आणणे. शिवाय तेच तेच पाच शब्द वापरल्याने गद्य रुक्ष होते. या दुसऱ्या आक्षेपाची थट्टा करणे सोपे आहे. पहिल्या आक्षेपाची तशी नाही. प्रस्तुत लेखकाचा कल केंट यांच्याकडे आहे, परंतु त्याचे कारण आकड्यांवरील श्रद्धा हे नव्हे. आकडा चुकला तर तो चुकला असे दाखविता येते. 'गंभीर शक्यता' चुकतच नाही, कारण काहीही घडले तरी ती मागाहून हवी तशी वाकविता येते. लेखी मजकुराची जबाबदारी लेखकावर टाकावयाची असेल, तर त्याला निसटण्यास वाव देणारे शब्द काढून घेतले पाहिजेत. कौटिल्याने राजशासनाच्या लेखनाचे गुण सांगताना अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व असे सहा गुण सांगितले आहेत. माधुर्य तेथेही आहे, म्हणजे कवींना अगदीच बाहेर ठेवलेले नाही. पण स्पष्टत्वावाचून ते पुरेसे मानलेले नाही.

केंट यांच्याविषयीचा आदर वाढतो तो आणखी एका लेखामुळे. १९ सप्टेंबर १९६२ रोजी त्यांच्या मंडळाने क्यूबासंबंधी विशेष अंदाज दिला. क्यूबात क्षेपणास्त्रे ठेवण्यात रशियाला लष्करी लाभ आहे, पण ते त्याच्या आजवरच्या रीतीशी विसंगत होईल, असा त्याचा निष्कर्ष होता. १४ ऑक्टोबरला यू-२ विमानाने त्या क्षेपणास्त्रांच्या तळांची छायाचित्रे घेतली. सी. आय. ए. चे प्रमुख जॉन मॅकोन यांना आधीपासूनच संशय होता. अंदाज मंडळाला नव्हता. १९६४ च्या वसंत ऋतूतील अंकात केंट यांनी या अंदाजाची सविस्तर फेरतपासणी सादर केली. त्यांनी क्षमा मागितली नाही. ख्रुश्चेव्ह एवढी मोठी चूक करील हे आम्हाला मानता आले नाही, आणि तीच सामग्री पुन्हा समोर आली तर निष्कर्ष फारसा निराळा निघणार नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. हा युक्तिवाद पटणे कठीण आहे. दुसऱ्याची चूक हे आपल्या चुकीचे समर्थन होऊ शकत नाही. तथापि, आपला फसलेला अंदाज सुमारे दीड वर्षात आपल्याच सहकाऱ्यांपुढे, आपल्या नावानिशी, छापून ठेवणारे विभागप्रमुख किती सापडतील? गोपनीयतेने केंट यांना जे दिले ते केनन यांना उघड नियतकालिकाने दिले नाही. आणि जे हिरावून घेतले तेही तितकेच खरे : मंडळाबाहेरचा एकही इतिहासकार त्या वेळी उठून 'हे पटत नाही' असे म्हणू शकला नाही. केंट यांचे हे निबंध १९९४ साली संग्रहरूपाने सर्वांस उपलब्ध झाले, तेव्हा त्यांच्या मृत्यूला आठ वर्षे लोटली होती.

संस्थेबाहेर लिहू पाहणाऱ्यांचा मार्ग याहून खडतर होता. व्हिक्टर मार्चेटी व जॉन मार्क्स यांचे पुस्तक १९७४ साली निघाले ते गाळलेल्या मजकुराच्या जागा कोऱ्या ठेवून. फ्रँक स्नेप यांनी सायगावच्या पाडावावरील आपले पुस्तक १९७७ मध्ये छाननीसाठी न देताच प्रसिद्ध केले. त्यात एखादे गुपित फुटले असा दावा सरकारने खटल्यात केलाच नाही. तरीही १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने पुस्तकाची सारी प्राप्ती सरकारजमा करविली. अपराध काय, तर हस्तलिखित सादर केले नाही. लेखाच्या आरंभी सांगितलेले 'सबमिट'चे दोन्ही अर्थ येथे एकत्र आले आहेत.

केंट यांचा तक्ता त्यांच्या हयातीत कधीच अधिकृत झाला नाही. पण त्यांच्या लेखाचा धागा तुटलाही नाही. पुढे 'नाटो'च्या तेवीस अधिकाऱ्यांवर एक प्रयोग झाला. वाक्ये तीच, फक्त संभाव्यतेचा शब्द बदललेला. आणि प्रत्येक शब्दापुढे त्यांनी लिहिलेली टक्केवारी दूरवर पसरलेली आढळली. रिचर्ड ह्यूअर यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात या निष्कर्षांचा आलेख केंट यांच्या तक्त्याशी जोडून दाखविला. नोव्हेंबर २००७ मधील इराणच्या अण्वस्त्रांविषयीच्या अंदाजात अशा शब्दांचा खुलासा करणारे स्वतंत्र पृष्ठ होते. अखेर जानेवारी २०१५ मध्ये सुधारलेल्या निर्देश क्रमांक २०३ ने एक ते नव्याण्णव टक्क्यांच्या दरम्यान सात पायऱ्या ठरवून दिल्या, प्रत्येक पायरीला दोन-दोन पर्यायी शब्द दिले आणि दोन ओळींतील शब्दांची सरमिसळ टाळावी असे लेखकांना बजावले. केंट यांच्या लेखानंतर एक्कावन्न वर्षांनी हे घडले. 'शक्य' या शब्दाला त्या तक्त्यातही जागा नाही.